मान, मनगट, डोळे: कॉम्प्युटरपायी तुमचं काय दुखलं?

गोदाकाठची: काल भद्रकालीत भंगारात रेमिंग्टनचा टाइपरायटर दिसला आणि आमच्या टायपिंगच्या बाई आठवल्या. मनगट टेबलाला टेकलं की फूटपट्टी बसायची. "पाठ सरळ, कोपर अंगाशी!" तेव्हा मनातल्या मनात शिव्या घालायचो. आता लेक पलंगावर लोळून लॅपटॉपवर ऑफिस करते आणि संध्याकाळी "आई, मान चोळून दे ना". तुमचं काय दुखलं, कशानं थांबलं? लिहा.

सातपूरकर: लॅपटॉपची गोम हीच की स्क्रीन नि कीबोर्ड एकाच बिजागरीला. स्क्रीन वर घेतली तर हात लटकतात, हात नीट ठेवले तर मान खाली. जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या लावल्या खाली, कीबोर्ड-माउस वेगळा घेतला. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, अंतर हातभर. लेकीला सांगा.

अंबड सेकंड शिफ्ट: माझी करंगळी बधिर व्हायची. ऑफिसात सगळे डॉक्टर, म्हणे कार्पल टनेल, म्हणजे मनगटात नस दबते ते!! फिजिओ ताईंनी बोटं एकेक दाबून पाहिली. म्हणाल्या, त्यात अंगठा, तर्जनी, मधलं बोट धरतं, करंगळी सुटते. करंगळीची नस कोपरामागून जाते. मी कॅडवर ड्रॉइंग करताना कोपर टेबलाच्या धारेवर रोवून बसायचो, वरून फोन कानाला. दोन्ही बंद केलं, मुंग्या कमी झाल्या.

मिसळ आधी: बाई म्हणजे मेनरोडच्या त्या अंधाऱ्या जिन्यावरच्या का? घामट हातांनी टाइपरायटरच्या कीज पुसायला लावायच्या?

गोदाकाठची: नाही हो, आमच्या पंचवटीतल्या. पण पुसायला सगळ्याच लावायच्या 😄

रिटायर्ड काका: सातपूरकर, तुमचा सल्ला मुलाने माझ्यावर चालवला आणि मान जास्तच धरली. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, जवळचं खालच्या भागातून दिसतं. स्क्रीन उंच, म्हणून हनुवटी वर करून वाचायचो. खाली घेतल्यावर बरं वाटलं.

सातपूरकर: हे माहीत नव्हतं काका 🙏

पाथर्डी फाटा: डोळ्यांचं कुणीच बोललं नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, म्हणून चुरचुर. दर 20 मिनिटांनी 20 फूट लांब 20 सेकंद बघायचं. आधी पांडवलेणीचा डोंगर दिसायचा, आता समोर टॉवर. 20 फूट तरी शिल्लक ठेवलेत बिल्डरने. आणि खिडकी पाठीमागे नको, बाजूला हवी. मागे असली की स्क्रीनवर आपलंच तोंड दिसतं.

बुटकी: कुकर लावलाय, पटकन लिहिते. ऑफिसचं टेबल उंच, ते खाली होत नाही. खुर्ची वर केली की पाय लोंबकळतात, मांड्यांना मुंग्या. फूटरेस्ट मागितला तर "बघू" म्हणाले. घरचा पाट नेऊन पायाखाली ठेवला. साहेब म्हणाले, सत्यनारायण आहे का? कंबर मात्र त्या आठवड्यातच सुधारली.

मिसळ आधी: मग प्रसाद?

बुटकी: शिरा आणला होता खरंच 😂

अंबड सेकंड शिफ्ट: ताई, पाट लाकडी ना? आमच्या फरशीवर सरकेल.

बुटकी: हो, सागवानी, सासूबाईंच्या लग्नातला. खाली योगा मॅटचा तुकडा लावलाय. त्यांना पत्ता नाही, इथे कुणी त्यांच्या ओळखीचं असेल तर गप्प बसा. शिट्टी झाली, पळते.