किट अचूक आहे हे ठरवायचं कशावरून? निमित्त '६९ ची डॉज चार्जर

व्हर्नियर:
गेल्या आठवड्यात १/२५ स्केलच्या, म्हणजे खऱ्या गाडीपेक्षा पंचवीसपट लहान, अशा एका चार्जरच्या प्लास्टिक मॉडेल किटचे फोटो ग्रुपवर आले आणि खाली 'एकदम अचूक' म्हणून दाद मिळत गेली. तेच किट सध्या माझ्या टेबलावर आहे. पार्ट छान बसतात, क्रोम स्वच्छ आहे, डेकल्स (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) अप्रतिम. पण अचूक? नाही. आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

खऱ्या १९६९ च्या चार्जरचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, ११७ इंच. पंचवीसने भागलं की ११८.९ मिमी. कॅलिपर (बारीक मापं घ्यायचं साधन) लावला, बरोबर आला. एकूण लांबी साधारण २०८ इंच, म्हणजे किटमध्ये २११ मिमीच्या आसपास, तीही जुळते. बहुतेक परीक्षणं इथेच आटोपतात. पण ही गाडी लांबीवरून कोण ओळखतं? ती ओळखू येते छपराच्या रेषेवरून आणि मागच्या चाकावरच्या फुगवट्यावरून.

मागची काच बघा. चार्जरच्या छपराचे दोन्ही मागचे खांब उतरत उतरत डिकीपर्यंत जातात आणि काच त्या दोघांच्या मध्ये खोल बसते. गाडी अगदी बाजूने पाहिली तर काच खांबाआड लपते. शर्यतीच्या ट्रॅकवर याच खोलगट भागात हवा घुसळायची, म्हणून डॉजने १९६९ च्या मॉडेलमध्येच चार्जर ५०० काढली. तिची मागची काच छपराच्या उतारात सपाट बसवली आणि पुढची ग्रिलही आतून ओढून तोंडाशी आणली. म्हणजे हा खोलगटपणा इतका महत्त्वाचा, की तो गेला तर मॉडेलच वेगळं. माझ्या किटमध्ये काच वर आली आहे, बाजूने पाहिलं की तिची वरची कड डोकावते. ना धड आर/टी (खोलगट काचेची, जोरदार इंजिनाची चार्जर), ना धड ५००.

दुसरी गोष्ट वर्षाची. '६८ ची ग्रिल सलग, मागचे दिवे गोल. '६९ च्या ग्रिलला मध्ये दुभाजक, मागचे दिवे लांबट. '७० ला पुढच्या तोंडाभोवती क्रोमचा पूर्ण वळसा. किटवर ग्रिल आणि मागचे दिवे '६९ चे आहेत, पण फेंडरवरचे साइड मार्कर (गाडीच्या बाजूला असणारे छोटे दिवे) गोल. '६९ ला ते आयताकृती होते. '६८ चा साचा थोडा बदलून '६९ म्हणून दिला आहे, हे उघड आहे.

माझा क्रम असा: आधी आकार, मग वर्षाच्या खुणा, मग इंजिन, रंग आणि डेकल्स शेवटी. आकार चुकला तर बाकीच्याला 'अचूक' म्हणू नये.

ओला_प्रायमर:
पूर्ण असहमत. मार्करचं मान्य, ती सरळ चूक आहे. पण आकाराचा निकाल तुम्ही कशाच्या जोरावर दिलात? मोबाईलवर काढलेल्या फोटोवरून?

मोबाईल मॉडेलपासून पंधरा सेंटीमीटरवर धरला तर ते खऱ्या गाडीपासून पावणेचार मीटरवर उभं राहण्यासारखं आहे. एवढ्या जवळून नाक मोठं दिसतं, शेपूट आखडतं, छप्पर बसकं वाटतं. खऱ्या गाडीचे जे फोटो आपण समोर ठेवतो ते बहुतेक दहा मीटर किंवा त्याहून लांबून काढलेले असतात. त्यांच्याशी तुलना करायची तर कॅमेरा मॉडेलपासून निदान चाळीस सेंटीमीटर हवा. उंचीचंही तसंच. माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण १.७ मीटरवर, म्हणजे टेबलापासून जेमतेम सात सेंटीमीटर. आपण मॉडेल पाहतो वरून, तिसऱ्या मजल्याच्या गच्चीतून खाली बघावं तसं, आणि मग म्हणतो छप्पर चुकलं.

शिवाय काही गोष्टी मुद्दाम बदलाव्याच लागतात. दाराची पाच मिमीची फट १/२५ मध्ये ०.२ मिमी होते. प्रायमर आणि रंगाच्या थरांत ती बुजून जाईल, म्हणून साचा करणारा ती रुंद आणि खोल ठेवतो. नावाच्या अक्षरांचंही तेच. आकड्यात हे चुकीचं, डोळ्याला बरोबर. मॉडेल डोळ्यासाठी असतं हो, कॅलिपरसाठी नाही.

व्हर्नियर:
फटीचं मान्य, त्यावर माझी तक्रार नाहीच. पण काच मी फोटोवरून ठरवली नाही. कॅलिपरची मागची पट्टी खाली सोडून खांबाच्या कडेपासून काचेपर्यंतची खोली मोजली. वरच्या कडेला ती जवळपास शून्य आहे. कॅमेरा चाळीस सेंटीमीटरवर नेऊन हे बदलणार नाही. आणि १/२५ मध्ये एक मिमी म्हणजे खऱ्या गाडीवर अख्खा इंच. छपरावर एक इंच फार मोठा असतो.

मिशिगनकर:
डेट्रॉईटच्या बाजूला राहतो. दर ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला, म्हणजे इथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला, जुन्या चार्जर रस्त्यावर येतात, मालकाला विचारून मी टेप लावतो. त्या अनुभवावरून दोघांनाही सांगतो: तुम्ही ज्याला 'खरी गाडी' म्हणताय ती तरी किती खरी आहे ते आधी बघा.

चार्जरच्या पुढच्या सस्पेन्शनला टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पीळ घेणारी पोलादी कांब) असतो, आणि त्याचा बोल्ट फिरवून गाडीचं नाक वर-खाली करता येतं. शेजारी उभ्या असलेल्या दोन '६९ मध्ये पुढच्या उंचीचा फरक नुसत्या डोळ्याला दिसतो. मागचे पाटे पन्नास वर्षांत बसलेले असतात नाहीतर नवे घातलेले. आर/टीचे मूळ टायर एफ७०-१४, म्हणजे १४ इंची रिमचे, आज बऱ्याच जणांनी १५ इंची रिमवर रेडियल चढवलेत. चाकाच्या कमानीत टायर किती भरतो, यावर अख्ख्या गाडीचा तोल बदलतो. रिस्टोअर केलेल्या गाडीच्या दारांच्या फटी कारखान्यातून निघाल्या तेव्हापेक्षा जास्त सरळ असतात, रंग जास्त चकचकीत. अशा गाडीचा फोटो लावून किटला नापास करणं अन्याय आहे.

मात्र काचेच्या बाबतीत मी व्हर्नियर यांच्या बाजूने. तो पत्र्याचा सांगाडा आहे, बोल्ट फिरवून हलत नाही. मागे उभं राहून हात आत घातला की खोली कळते. ती किटमध्ये नसेल तर ती चूकच.

स्प्रूवाली:
तुम्ही सगळे बॉडीवरच अडकलात. किट म्हणजे फक्त कवच का?

साठच्या दशकातली एएमटी, एमपीसी, जो-हान या किट कंपन्यांची वार्षिक किट्स आठवा. शोरूमसाठी जी प्रमोशनल मॉडेल्स व्हायची त्यांच्याच साच्यांवर ती बेतलेली, आणि गाड्यांच्या कंपन्या नव्या गाडीची माहिती त्यांना आधीच पुरवायच्या. त्यामुळे बॉडीची रेषा अनेकदा आजच्या नव्या किटपेक्षा सरस. आणि खाली? पुढच्या चाकांची लोखंडी सळई इंजिनच्या ब्लॉकमधून आरपार! चॅसी म्हणजे सपाट ताट, एक्झॉस्ट त्यातच कोरलेला. व्हर्नियर यांच्या क्रमाने ते किट पहिलं येणार. माझ्या क्रमाने नाही.

४२६ हेमी या चार्जरच्या इंजिनाचं बघा. स्पार्क प्लग व्हॉल्व्ह कव्हरच्या मधोमध उतरतात, वायरी वरून आत जातात. हीच त्या इंजिनाची ओळख. डिस्ट्रिब्युटर (प्लगना वीज वाटणारा भाग) पुढे, उजव्या अंगाला तिरका. किटमध्ये तो मागे बसवला की ते डॉजचं इंजिन राहतच नाही, शेव्हरलेचं होतं. मी हुड (बॉनेट) उघडा ठेवून मॉडेल मांडते, माझ्यासाठी ही चूक काचेइतकीच मोठी.

अजून एक. किटची अचूकता आणि बांधणाऱ्याचं कसब यांची गल्लत होते. आयपीएमएस यूएसए या अमेरिकेतल्या मॉडेल बनवणाऱ्यांच्या संघटनेच्या स्पर्धांत परीक्षक आधी पायाभूत काम बघतात: जोड बुजलेत का, गोंद दिसतो का, चारही चाकं टेकतात का. तिथे चुकीच्या छपराचं मॉडेलही बक्षीस नेऊ शकतं, आणि ते योग्यच आहे, कारण छप्पर त्याने बनवलेलं नाही. किटच्या परीक्षणात मात्र कंपनीला सूट नको.

नवखा_बिल्डर:
मी हेच किट घेतलंय, तो 'अचूक' लिहिणाऱ्यांपैकी एक मीच. कुरिअर आणि कस्टम धरून किंमत कुठच्या कुठे जाते, त्यात असं वाचलं की डबा उघडायचीच इच्छा जाते. मिमीच्या हिशोबाने मला काय मिळालं? व्हर्नियरकाका, नुसतं चुकलं म्हणू नका, सुधारता येतं का तेही सांगा ना. ज्याला येत नाही त्याने ते घ्यावं की नाही?

व्हर्नियर:
घ्यावं. जरूर बांध. साइड मार्कर एका संध्याकाळचं काम आहे: गोल उंचवटा सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरने घासून सपाट कर, ०.२५ मिमीच्या प्लास्टिक शीटची बारीक आयताकृती पट्टी कापून पातळ सिमेंटने (प्लास्टिक जोडायच्या गोंदाने) लाव, कडा कोरड्या झाल्यावरच प्रायमर मार. जागा '६९ च्या बाजूच्या फोटोवरून घे, गोल मार्करच्या जागेवरून नको. काच अवघड. चौकट आतून कापून खाली न्यावी लागते, मग मागच्या सीटची फळी आड येते. पहिल्या बिल्डला तिला हात लावू नकोस.

पण हे दुरुस्त होतं म्हणून परीक्षणात लिहायचं नाही, हे मला पटत नाही. पैसे मोजणाऱ्याला आधी कळलं पाहिजे.

ओला_प्रायमर:
लिहा, पण मापाची पद्धतही लिहा. काचेची खोली तुम्ही मोजलीत, ते मी मान्य करतो. मागच्या फुगवट्याबद्दल मात्र तुम्ही पहिल्या ओळीपासून बोलताय आणि एकही माप दिलेलं नाही. तिथे तुम्हीही डोळ्यावरच भरवसा ठेवलात, आणि माझा मुद्दा तोच आहे. मिशिगनकर, पुढच्या ऑगस्टमध्ये मागच्या चाकाच्या मध्यावर गाडीची रुंदी आणि दाराच्या मध्यावरची रुंदी, एवढी दोनच मापं घ्याल का? दोन्हींतला फरक पंचवीसने भागू आणि किटवर ताडून पाहू.

मिशिगनकर:
घेतो. दोन्ही बाजूंना लाकडी पट्टी उभी धरून घ्यावं लागेल, टेप वळणावर फसवतो. मूळ पत्रा असलेली गाडी मिळाली तरच आकडा टाकेन, नवीन क्वार्टर पॅनेल (मागच्या चाकावरचा बाजूचा पत्रा) बसवलेली असेल तर नाही.