कमोडोर ६४ इम्युलेटर: सीआयए चिपचा क्लास कसा मांडायचा?

ऐरोलीकर: कमोडोर ६४ या जुन्या घरगुती कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम (इम्युलेटर) सी प्लस प्लसमध्ये लिहितोय. त्यातल्या ६५२६ सीआयएचा (टायमर आणि इनपुट-आउटपुट सांभाळणारी चिप) क्लास 'टायमर', 'पोर्ट', 'इंटरप्ट' या तिघांपासून इनहेरिट केलाय, तिघांचा बेस 'डिव्हाइस'. आता रीसेट() नेमका कुणाचा, यावर कंपायलर अडतो. शिवाय चिपमध्ये टायमर दोन, आणि एकच बेस थेट दोनदा घेता येत नाही. व्हर्च्युअल इनहेरिटन्स (सामायिक बेसची एकच प्रत) लावू की सगळं मोडू? रविवारी नेरूळला मंडळी जमतील, तोवर निदान कर्सर लुकलुकायला हवा.

घोडबंदर_रोड: मोडा. व्हर्च्युअलने रीसेटचा घोळ मिटेल, पण दुसरा टायमर कुठून आणणार?

टायमर साधा स्ट्रक्ट करा: १६ बिटी काउंटर, १६ बिटी लॅच (काउंटरची सुरुवातीची किंमत), कंट्रोल रजिस्टर. दर क्लॉकला बोलवायच्या टिक() ने अंडरफ्लो झाला का, म्हणजे काउंटर शून्याखाली गेला का, एवढंच सांगायचं. सीआयएमध्ये असे दोन मेंबर. बी टायमरला ए चे अंडरफ्लो मोजायचा मोड असतो. ती जोडणी सीआयएच्या टिकमध्येच लिहा, टायमरना एकमेकांचा पत्ता नको. मशीनमध्ये सीआयए दोन, मेमरीत ५६३२० आणि ५६५७६ वर. पहिला आयआरक्यूला (प्रोसेसरची साधी इंटरप्ट तार), दुसरा एनएमआयला (प्रोसेसरला टाळता न येणारी इंटरप्ट तार). कोण कुठे जोडायचा हे मशीन ठरवेल, चिपला फक्त 'लाइन'चा रेफरन्स द्या.

कोपरखैरणे_८बिट: आणि ती लाइन बुलियन ठेवू नका! व्हिक (चित्र काढणारी चिप) आणि पहिला सीआयए एकाच आयआरक्यू तारेवर आहेत. रास्टर इंटरप्ट (स्क्रीनची ठरलेली ओळ आल्याची व्हिकची सूचना) पेंडिंग असताना सीआयएने फॉल्स लिहिलं की व्हिकची मागणी गिळली जाते, स्क्रीन मधूनच फाटते, आणि कारण शोधताना नाकी नऊ येतात. बाइट ठेवा, प्रत्येक चिपला एक बिट. बाइट शून्य नसेल तर तार ओढलेली. एनएमआय मात्र एजवर: शून्याचं बिगरशून्य झालं तेव्हाच.

सीआयएचं रजिस्टर १३ वाचलं की इंटरप्टचे फ्लॅग पुसले जातात. डीबगरसाठी काहीही न पुसता वाचणारं वेगळं पीक() लिहा, नाहीतर मेमरी विंडो उघडली की इंटरप्ट गायब.

ऐरोलीकर: मग बससाठी (प्रोसेसर चिपशी बोलतो ती वाट) इंटरफेसही नको?

घोडबंदर_रोड: तो असू दे, रीड आणि राइटपुरता. मेम (MAME) या इम्युलेटरमध्येही डिव्हाइस क्लास सर्रास अनेक इंटरफेस घेतात. त्रास सामायिक डेटावाल्या बेसचा. टिक मात्र थेट बोलवा, पाल (युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या) मशीनवर तो सेकंदाला ९,८५,२४८ वेळा चालतो.

कोपरखैरणे_८बिट: सेव्ह स्टेटसाठी (चालू स्थिती साठवून ठेवायला) अख्खं मशीन कॉपी करू नका. रेफरन्स मेंबर असला की असाइनमेंट आपोआप बंद होते, कॉपी कन्स्ट्रक्टर मात्र चालूच राहतो, आणि नव्या मशीनचा सीआयए जुन्या मशीनची तार ओढत बसतो. कॉपी कन्स्ट्रक्टर डिलीट करा, फील्ड एकेक लिहा.