सल्ला हवाय: लग्नाच्या शूटमधून सिनेमॅटोग्राफीत कसं जायचं? कॅमेरा घेऊ का?

कळवेकर: वय 24, बी.कॉम. चार सीझन लग्नं शूट करतोय, आता फ्रीलान्स डीओपी (सिनेमाचा मुख्य कॅमेरामन) व्हायचंय. पप्पांची रिक्षा आहे, ते म्हणतात लोन काढ आणि कॅमेरा घे, दारात गाडी असली की भाडं मिळतंच 😀 नौपाड्यातला एक क्लास तीन महिन्यांत 'जॉब गॅरंटी' म्हणतोय. एफटीआयआय (पुण्याचं फिल्म इन्स्टिट्यूट) झेपेल का? या लाइनमध्ये ओळखीचं कोणी नाही.

फोकसवाला: लोन अजिबात नको रे. मी 9 वर्षं असिस्टंट होतो, आता छोटी कामं डीओपी म्हणून करतो आणि आजही कॅमेरा माझा नाही. कॅमेरा भाड्याने येतो, कुठला ते काम आणि बजेट बघून ठरतं, तुझा घेतलेला जुना होईल पण हप्ता चालूच राहील. त्यापेक्षा अंधेरी-गोरेगावला एखाद्या रेंटलमध्ये, म्हणजे कॅमेरे भाड्याने देणाऱ्यांकडे, अटेंडंट म्हणून लाग. कॅमेऱ्याच्या पेट्या उचलायच्या, लेन्स पुसायच्या, लोक नाक मुरडतात पण सगळी गिअर हाताखालून जाते आणि मोठे डीओपी लाइट कसा लावतात ते फुकट बघायला मिळतं. मग कॅमेरा असिस्टंट, मग फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना फोकस सांभाळणारा. 85 एमएमची लेन्स टी 1.5 ला, म्हणजे जवळजवळ पूर्ण, उघडली की डोळा शार्प आणि कान सॉफ्ट, बोलता बोलता आर्टिस्टने दोन इंच मान पुढे घेतली की टेक गेला, आणि मॉनिटरवरचे सगळे वळून तुझ्याकडेच बघतात. हे कुठल्या क्लासात शिकवणार?

येऊरची_पाखरू: क्लासची बाजू घेत नाही, डीओपीला नोकरी देतं कोण की हे गॅरंटी देतायत! पण एफटीआयआय वेगळं. 3 वर्षांचा कोर्स, एन्ट्रन्स आहे, कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. कलकत्त्याचं सत्यजित रे इन्स्टिट्यूटपण बघ. तिथे चुका करायला मिळतात, सेटवर एक चूक केलीस तर उद्या कॉल येत नाही. आणि पुढे कामं देतात ते बॅचमेटच.

फोकसवाला: हे खरंय, बॅचमेट नव्हते तेच मला नडलं.

तलावपाळी_कट्टा: तोपर्यंत घरी कर. आजीला खिडकीपाशी बसव, फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल दुसऱ्या गालाकडे धर म्हणजे उजेड तिकडे परततो, जवळ-लांब ने आणि नाकाची सावली बघत बस. आणि हॉलच्या ट्यूबलाइटखाली फुटेज फडफडतं ना? आपल्याकडे वीज 50 हर्ट्झ, 24 एफपीएसला (सेकंदाला 24 फ्रेम) शटर 172.8 डिग्री ठेव, म्हणजे 1/50 सेकंद.

कळवेकर: अच्छा!! म्हणून पट्टे येत होते. पैशाचं कसं पण?

फोकसवाला: सिरियलचं पेमेंट 90 दिवसांनी, तेही मागे लागल्यावर. टीडीएस कापतात, रिटर्न भर नाहीतर परत मिळणार नाही. लग्नं सोडू नकोस इतक्यात.

कळवेकर: सोमवारी दोन रेंटलमध्ये विचारून येतो.

फोकसवाला: शूज घालून जा, सँडल नको. लेन्सची केस पायावर आली की कळतं.