मदत हवी आहे: पायसाठी क्रॉस-कंपाइल, पण जीलिबसी जुळेना

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीनशॉपसाठी सीएनसीचं (संगणक-नियंत्रित मशीनचं) रीडिंग मॉडबसवरून (औद्योगिक यंत्रांच्या संवादाच्या प्रोटोकॉलवरून) घेणारा सी++ प्रोग्राम आहे. बिल्ड उबंटू २२.०४ वर, चालवायचा रास्पबेरी पाय ४ वर, ३२-बिट बुल्सआय (डेबियन ११); म्हणजे क्रॉस-कंपाइल, एका मशीनवर दुसऱ्या प्रोसेसरसाठी बिल्ड. बिल्ड बिनबोभाट होतो. पायवर मात्र ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ म्हणून बंद (जीलिबसी म्हणजे लिनक्सवरची मूळ सी लायब्ररी).

कारण कळतंय: उबंटूच्या क्रॉस-कंपायलरसोबत जीलिबसी २.३५ येते, बुल्सआयमध्ये २.३१ आहे. म्हणून पायवरच्या लायब्ररी आणि हेडर आरसिंकने (फाइल कॉपी करणाऱ्या टूलने) आणून सिसरूट, म्हणजे पायच्या फाइलसिस्टिमची नक्कल असलेला फोल्डर बनवला, त्यातल्या अ‍ॅब्सोल्यूट सिमलिंक रिलेटिव्ह केल्या, सीमेक या बिल्ड टूलच्या टूलचेन फाइलमध्ये शोध ‘ओन्ली’वर (फक्त सिसरूटमध्ये) ठेवला, लायब्ररी कुठे आहे ते सांगणाऱ्या पीकेजी-कॉन्फिगचा लिबडिरही तिकडे वळवला. मॉडबसची लायब्ररी लिबमॉडबस आता योग्य जागेवरून येते. तरी लिंकर सीआरटी१ ही सुरुवातीची ऑब्जेक्ट फाइल उबंटूच्याच क्रॉस फोल्डरातून उचलतो; व्हर्बोज लिंकमध्ये स्पष्ट दिसतं.

स्टॅटिक लिंक सुचवू नका, प्लगइन डीएलओपनने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना लोड होतात.

डेबियन ११ च्या डॉकर कंटेनरमधला क्रॉस-कंपायलर वापरावा, की क्रॉसटूल-एनजीने (टूलचेन बांधून देणाऱ्या टूलने) जीलिबसी २.३१ ची टूलचेन, म्हणजे कंपायलर-लिंकरचा संच बांधावा? पुढे जुन्या पाय झीरोवरही न्यायचंय. त्याचा प्रोसेसर जुन्या एआरएमव्ही६ प्रकारचा, आणि डेबियनचा आर्मएचएफ (३२-बिट एआरएमसाठीचा पोर्ट) नवा एआरएमव्ही७ धरून चालतो, म्हणजे तिथे ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ ठरलेलंच. कुणाकडे दोन्हींवर चालणारी क्रॉसटूलची कॉन्फिग असेल तर आर्किटेक्चर आणि एफपीयूच्या (दशांश गणिताच्या युनिटच्या) ओळी तेवढ्या टाका.