'पायउतार', 'निवृत्त' की आणि काय? ट्रस्टच्या अध्यक्षानं पद सोडल्यावर वापरायचा शब्द

शिवाजीपेठकर :
आमच्या पेठेत एक फाउंडेशन हाय, गरीब पोरांच्या फिया, दवाखान्याची बिलं, 2019 आणि 2021 च्या महापुरात धान्याची किटं, असली कामं करतंय. अण्णा सुरुवातीपासनं अध्यक्ष, आता वयामुळं बाजूला व्हायलेत. पत्रक काढायचंय आणि एकानं मजकूर आणला 'अण्णा पायउतार', वाचूनच पोटात कालवलं. पेपरात सरपंच पायउतार होतो तो अविश्वास ठराव आल्यावर, मंत्री होतो तो दबाव आल्यावर, म्हणजे खाली यायला लागलं असाच वास त्या शब्दाला हाय. दुसऱ्यानं 'सेवानिवृत्त' सुचवला, पण अण्णांनी कधी एक रुपया पगार घेतला नाही, मग निवृत्त कशातनं? योग्य शब्द सांगा, अण्णांच्या मानाचा प्रश्न हाय.

गंगावेश :
सेवानिवृत्त नकोच दादा, तो पगारी माणसाला, तुमच्या ऑफिसातल्या क्लार्कला चालेल. 'कार्यमुक्त' पण नको, तो बदलीच्या ऑर्डरीतला शब्द, वरचा साहेब खालच्याला कार्यमुक्त करतो, आणि विश्वस्ताच्या वर साहेब कोण? सरळ 'राजीनामा दिला' लिहा की.

शिवाजीपेठकर :
राजीनामा म्हटलं की लोक विचारतात भांडण झालं काय.

आजऱ्याची :
आज तसं विचारतात खरं, पण मूळ शब्दात भांडण नाहीच. फारसी 'राज़ी' म्हणजे खूश, कबूल, आणि 'नामा' म्हणजे कागद. उर्दूत अजूनही राज़ीनामा म्हणजे तडजोडीचा कागद, पद सोडायला ते इस्तीफ़ा म्हणतात. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इंग्रज अमदानीत मुंबई इलाख्यात जमीन सोडणारा खातेदार 'राजीनामा' लिहून द्यायचा आणि ती घेणारा 'कबुलायत' लिहून द्यायचा, दोन्ही कागद जोडीनं. आपण त्यातला सोडायचा कागद ठेवला आणि घ्यायचा विसरलो, म्हणून राजीनामा एकटा पडला आणि रुसव्याचा वाटायला लागला. तुमच्या पत्रकात सोडणारा आणि घेणारा दोघंही एकाच वाक्यात यायला पाहिजेत, मग कुणी भांडणाचं विचारणार नाही.

गंगावेश :
मग 'खांदेपालट' कसा वाटतो? पालखीचे भोई खांदा बदलतात त्यावरनं आलाय, सोडणारा घेणारा दोघं आले.

आजऱ्याची :
अर्थ चांगलाय पण मंत्रिमंडळानं तो पार राजकारणाचा करून टाकला, आणि अंत्ययात्रेतला खांदा पण लोकांच्या मनात येतो. वय झालेल्या माणसासाठी मी तरी नाही वापरणार.

कसबाबावडा :
शब्दाच्या आधी एक गोष्ट पक्की करा भावांनो, अण्णा नक्की काय सोडायलेत? अध्यक्षपद सोडणं वेगळं आणि विश्वस्तपद सोडणं वेगळं. बऱ्याच ट्रस्टच्या घटनेत संस्थापक 'तहहयात विश्वस्त' असतात, तहहयात म्हणजे हयात असेपर्यंत, तसं असलं आणि त्यांनी फक्त अध्यक्षपद सोडलं तर ते विश्वस्त राहतातच, मग 'माजी विश्वस्त' छापलं तर चूक होईल. आणि विश्वस्तपदच सोडलं तर 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणं 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यायला लागतो, ज्याला सगळे चेंज रिपोर्टच म्हणतात. तिथं 'पायउतार' चालत नाही, कारण स्पष्ट लिहायचं, राजीनामा, मुदत संपली, निधन. अजून एक, पुढच्या माणसाला 'वारस' म्हणू नका, घटनेत वंशपरंपरागत विश्वस्त असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर ट्रस्ट कुणाच्या घरची इस्टेट नव्हे. विश्वस्त म्हणजे ज्याच्यावर विश्वास टाकलाय तो, मालक नव्हे.

आजऱ्याची :
हे फार महत्त्वाचं बोललात. 'न्यास' शब्दाचा पण अर्थ तोच, संस्कृतात न्यास म्हणजे दुसऱ्याकडं सांभाळायला ठेवलेली ठेव. म्हणून मला 'सोपवणे' हे क्रियापद बरोबर वाटतं. 'सोडला' म्हटलं की वाक्य तिथंच संपतं, 'सोपवला' म्हटलं की कुणाकडं ते सांगायलाच लागतं. शाहू महाराज 1922 ला गेले, पण कोल्हापुरात दसरा चौकात आजही त्यांच्या काळातली पोरांची वसतिगृहं, जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग दिसतात, कारण कारभार एका हातातनं दुसऱ्या हातात जात राहिला.

शिवाजीपेठकर :
लई उपकार झाले सगळ्यांचे. अण्णांना आत्ताच फोन करून विचारलं, विश्वस्त राहणार हाईत, फक्त अध्यक्षपद सोडायलेत. पत्रकात असं घालतो : 'अण्णांनी अध्यक्षपदाचा कारभार नव्या अध्यक्षांकडं सोपवला असून ते विश्वस्त म्हणून फाउंडेशनसोबत आहेत.' नव्या अध्यक्षांचं नाव पण त्याच ओळीत आणि त्याच अक्षरात छापायचं, प्रेसवाल्याला तसं सांगून ठेवतो.