दिवाळीच्या सुट्टीत औंध : सासूबाई आणि दोन मुलांना घेऊन एका दिवसात जमेल का?

पलूसची_सून
नमस्कार. भाऊबीज झाली की शाळा सुरू व्हायला चार दिवस उरतात. त्यातला एक दिवस सातारा जिल्ह्यातल्या औंधला जायचं चाललंय. यमाई आमची कुलस्वामिनी, पण गुडघ्यांमुळं सासूबाईंचं सात वर्षांत दर्शन झालेलं नाही. थोरली सातवीत, तिला चित्रांचं वेड. धाकटा सहा वर्षांचा, त्याला फक्त पळायला मोकळी जागा हवी. ह्यांचं म्हणणं, दर्शन घेऊन दुपारपर्यंत घरी यावं. तिथं दिवसभर थांबण्यासारखं आहे का? आणि सासूबाईंना डोंगर जमेल का?

विटेकर
कडेगाव, पुसेसावळी करत जावा. दीड-दोन तास धरून चाला. डोंगरावर गाडीरस्ता आहे, त्यामुळं सगळा डोंगर पायी चढायला लागत नाही. शेवटच्या पायऱ्या मात्र आहेत, हाताला धरून सावकाश न्या.

आटपाडीची_लेक
ताई, दुपारी परत फिरू नका, अख्खा दिवस द्या. मी हे जीव तोडून सांगतेय, कारण आम्ही स्वतः तीच चूक केली होती. देवीला नारळ फोडला, गाडी वळवली, आणि निम्म्या डोंगरावरचं म्युझियम तसंच राहिलं. पुढच्या वर्षी मुद्दाम गेलो तर नेमकी त्याची साप्ताहिक सुट्टी. मुलगी बंद दाराच्या पायरीवर बसून रडली. तेव्हा आधी चौकशी करा आणि मगच वार ठरवा.

तिसऱ्या खेपेला एकदाचं आत गेलो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेला हा संग्रह 1938 पासून तिथं आहे. राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. तुमच्या लेकीला एक गोष्ट करायला सांगा. दोरीच्या अलीकडून, जितकं पुढं जाऊ देतील तितकं जाऊन साडीचा काठ बघायचा. तिथं नुसते पिवळे-पांढरे फटकारे दिसतात. मग चार पावलं मागं सरायचं, की तीच जरीची किनार होऊन झळकायला लागते. माझी लेक पंधरा मिनिटं नुसती पुढं-मागं करत होती. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्पही तिथंच आहे, तेवढं चुकवू नका. हस्तिदंतावरचं बारीक कोरीवकाम बघताना धाकटा कंटाळेल, त्याला कुणीतरी बाहेर न्या.

सासूबाईंचं म्हणाल तर गावातही यमाईचं देऊळ आहे, राजवाड्यालगत. समोरची दीपमाळ एवढी उंच की मान मागं टाकून बघावी लागते. पाय साथ देत नसतील तर तिथं दर्शन घ्यावं. माझ्या आईनं शेवटची दोन वर्षं असंच केलं. ती त्या आवारात हात जोडून बसायची, तेव्हा डोंगर राहिला असं तिच्या चेहऱ्यावर कधी दिसलं नाही.

आणखी एक, तुम्ही पलूसच्या म्हणून सांगते. आमची आटपाडी आणि तुमच्या शेजारचं कुंडल, दोन्ही औंध संस्थानातली गावं. किर्लोस्करवाडीचा कारखाना 1910 मध्ये उभा राहिला तो याच संस्थानानं दिलेल्या माळावर. माझे आजोबा संस्थानच्या शाळेत शिकले. राजेसाहेबांनी शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते, त्यामुळं ऐंशी ओलांडल्यावरही आजोबा नमस्कार घातल्याशिवाय चहाला हात लावत नसत. त्याच राजानं 1939 मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यकारभार लोकांच्या हाती दिला. आपण परक्या गावाला नाही, आपल्या जुन्या राजधानीला चाललोय हे मुलांना गाडीतच सांगा.

विटेकर
ताईंनी आटपाडीचं नाव काढलं म्हणून. तिथली स्वतंत्रपूरची खुली वसाहत, जिथं कैदी भिंतीशिवाय राहून शेती करायचे, तीही औंध संस्थानाच्याच काळातली. पुढच्या सुट्टीत तिकडंही जावा.

पलूसची_सून
लेक, तुमचं उत्तर मी सासूबाईंना वाचून दाखवलं. गावातल्या देवळाचं ऐकून त्यांनी डोळे पुसले. म्हणाल्या, "मला कुणी हे आधी का नाही सांगितलं?" ह्यांनीही दिवसभराचं कबूल केलंय. जेवणाचं काय करावं? बाहेरचं सासूबाईंना सोसत नाही.

आटपाडीची_लेक
घरूनच न्या. आम्ही बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कांदा नेतो. दही स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून, ओल्या फडक्यात गुंडाळा. पाण्याच्या बाटल्या जास्तीच्या ठेवा, दिवाळीतही दुपारी त्या माळावर ऊन चटकतं. ओटीचं सामान घरूनच बांधून घ्या. आणि आईंना गाडीत पुढच्या सीटवर बसवा, गुडघा लांब करता येतो.