कच्च्या पु-अर चहाची चकती ठाण्याच्या दमट हवेत मुरवायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझा भाऊ कामानिमित्त चीनमध्ये ग्वांगचौला असतो. तिथल्या फांगत्सुन चहाबाजारातून त्याने युन्नान प्रांतातल्या पु-अर चहाच्या (पानं दाबून केलेल्या) दोन चकत्या पाठवल्यात, ३५७ ग्रॅमची एकेक. एक 'शू' म्हणजे पिकवलेला, दुसरा 'शंग' म्हणजे कच्चा.

शूबद्दल शंका नाही. ओलसर पानांचा ढीग घालून काही आठवडे उबवतात, त्यामुळे तो लगेच पिण्याजोगा असतो. काळपट लाल रंग, ओल्या मातीचा नि जुन्या लाकडाचा वास, घशाला मऊ. रात्री जेवणानंतर बाबाही आवडीने घेतात.

प्रश्न शंगचा आहे. झाकणाच्या लहान वाटीत ६ ग्रॅम चहा, १०० मिली उकळतं पाणी. पहिलं पाणी ओतून देतो, मग दर वेळी दहा-पंधरा सेकंदच ठेवतो. सुरुवातीच्या वाट्या चांगल्याच कडू आणि तुरट. पण घोट गिळल्यावर थोड्या वेळाने घशातून गोडवा वर येतो आणि बराच वेळ रेंगाळतो. पुढच्या वाट्यांना सुक्या जर्दाळूसारखा वास येतो. आठव्या वाटीलाही पानं दमत नाहीत!

हा चहा दहा-पंधरा वर्षं मुरला की कडवटपणा उतरतो, रंग गडद होतो, असं वाचलंय. अर्धी चकती त्यासाठी राखून ठेवायची फार इच्छा आहे. पण जुलैत आमच्याकडे कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यालाही बुरशी धरते. हवाबंद डब्यात ठेवू का? की फ्रिजमध्ये? शिवाय चकतीवर पिवळे ठिपके आले तर ते चांगलं लक्षण, असं एकाने सांगितलं. खरं आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

फ्रिज अजिबात नको. थंडीत मुरणं थांबतं आणि बाकीच्या पदार्थांचे वास चहा लगेच ओढून घेतो. कायम हवाबंद ठेवलात तर चहा टिकेल, पण मुरणं फार मंदावेल.

दमट हवेला इतकं घाबरू नका. मी काही वर्षं हाँगकाँगला होते. जुन्या पु-अरची चव लोकांना लागली ती तिथल्याच उष्ण, दमट गोदामांमुळे. युन्नानची राजधानी कुनमिंग जवळपास १,९०० मीटर उंचीवर, हवा कोरडी. तिथे तोच चहा खूप सावकाश बदलतो. तुमची हवा मुरायला चांगली आहे, सांभाळायचे ते पावसाळ्याचे चार महिने. एक साधा हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) घ्या. आर्द्रता ६० ते ७० टक्के असेल तोवर चकती तिच्या कागदासकट पुठ्ठ्याच्या खोक्यात, बाहेरच्या भिंतीपासून लांब आणि उन्हाआड ठेवा. ७५ च्या वर गेली की जाड पिशवीत बंद करा आणि दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की उघडा. मसाले, डांबराच्या गोळ्या, अगरबत्ती जवळपास नकोत.

पिवळ्या ठिपक्यांचं म्हणणं हूनान प्रांतातल्या फू चहाच्या विटांबद्दल खरं आहे. तिथे ती पिवळी बुरशी मुद्दाम वाढवतात. पु-अरवर आपोआप पिवळं काही उगवलं तर ते चांगलं समजून पिऊ नका. हिरवी, काळी किंवा केसाळ बुरशी दिसली, आंबूस वास आला, तर सरळ टाकून द्या.

आणि कागदावर ७५४२ असा आकडा असेल तर ते वय नाही. ७५ म्हणजे १९७५ ची कृती, ४ म्हणजे पानांची प्रत, २ म्हणजे युन्नानमधल्या मंगहायचा कारखाना. चकती कधी दाबली ते उत्पादनाच्या तारखेवरून बघा.

धागाकर्ता

ताई, मनापासून आभार! आकडा ७५४२ च आहे, तारीख तीन वर्षांपूर्वीची. हायग्रोमीटर आजच मागवतो. घरात सगळ्यात कोरडी जागा म्हणजे पुस्तकांचं कपाट, पण त्याच खोलीत देवघर आहे आणि आई रोज संध्याकाळी धूप घालते. कपाटाचं दार बंद असलं तरी वास लागेल का?